उघडून बघितलेला दाणा

शेंगदाणा तोंडात टाकायच्या आधी मी तो उघडून बघते. साताऱ्याच्या आमच्या शाळेत मधल्या सुट्टीत कुणी भाजक्या दाण्यांची पुडी सोडली की बाकीच्या बायका मूठभर उचलतात. मी आपली एकेक दाणा बोटांनी दाबून, त्याच्या दोन पाकळ्या करून, खिडकीच्या उजेडाकडे धरून खात बसते. तोवर पुडी संपलेली असते. "बाई, त्यात हिरा सापडणार आहे का?" असं मला आमच्या मुख्याध्यापकांनीसुद्धा विचारून झालंय. मी काही फार नीटनेटकी बाई नाही. माझं कपाट उघडलं तर आतलं सगळं अंगावर येतं. ही सवय मुळात माझी नाहीच. ती सांगलीच्या पद्माआक्कांची आहे. त्यांनी दिलेल्या वस्तूंपैकी तेवढी एकच माझ्याकडे नीट राहिली आहे.

उंब्रजहून मी सांगलीला आले ती गणिताची शिक्षिका म्हणून. नदीपासून जवळ, पुराच्या पाण्याची रेघ भिंतीवर अजून दिसेल अशा एका घरात वरच्या दोन खोल्या भाड्याने मिळाल्या. खाली आक्का, त्यांचा मुलगा बाहुबली आणि सून. मुलाचं हळदीचं दुकान. तो आणि सून सकाळी जे दुकानात जायचे ते संध्याकाळीच परतायचे, आणि आले की जिन्यापर्यंत हळदीचा वास यायचा. दिवसभर घरात आक्का एकट्या. ठेंगणी मूर्ती, पांढरं सुती लुगडं, नाकावर घसरलेला चष्मा, आणि चालताना पायाखाली मुंगी नाही ना हे बघत जायची सवय. तेरा वर्षं मी त्यांच्या डोक्यावर राहिले.

पहिल्याच आठवड्यात चतुर्थी आली. मी खिचडीसाठी दाणे भाजायला ठेवले आणि शेजारी बसून वह्या तपासायला घेतल्या. गॅस मोठा, कारण मला प्रत्येक गोष्ट लवकर व्हायला हवी असते. पाचेक मिनिटांत जिन्यावर पावलं वाजली आणि आक्का दारात उभ्या राहिल्या.

"बाई, गॅस बारीक करा. वरनं जळाल्यात, आतनं कच्चं हायत."

त्यांनी कढई पाहिलीही नव्हती. मग आत येऊन एक दाणा उचलला, दोन बोटांत दाबला आणि माझ्यापुढे धरला. वरून काळे डाग, आतून पांढराफटक.

"कशाला पायजे हुतं?"

"खिचडीला. उपास आहे माझा."

"उपासाला खिचडी?" त्यांनी चष्मा वर सारला. "मग जेवनाला काय करता?"

त्यांच्या जैन उपासाला फक्त पाणी असायचं, तेही उकळलेलं आणि एकदाच. त्यांनी हा प्रश्न चेष्टेने विचारला असता तर मी हसण्यावारी नेला असता. पण त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मी काहीतरी पुटपुटले आणि गॅस बारीक केला.

पुढे मी त्यांचं दाणे भाजणं इतक्या वेळा पाहिलं की झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. सकाळी गच्चीवर पांढरं धोतर पसरायचं आणि त्यावर दाणे. दोन तास ऊन द्यायचं. आत कुणी जीव असला तर उन्हाने बाहेर येऊन निघून जातो. "जायचं त्येला जाऊ द्यावं, आपलं काय अडलंय," असं म्हणत त्या सावलीत बसून राहायच्या. मग सुपात घेऊन निवडणं. भोक दिसलेला दाणा जिवंत माणसाला उचलावं तसा उचलून कुंडीतल्या जास्वंदीखाली ठेवायच्या. मग जाड लोखंडी कढई, बारीक आच, लाकडी उलथनं, आणि हात थांबायचा नाही. फोन वाजला तरी नाही. एकदा लेकीचा फोन सात वेळा वाजला, तरी यांचा हात चालूच.

तडतड सुरू झाली की त्या कान देऊन ऐकायच्या आणि मला दाणे अजून कच्चे वाटत असतानाच गॅस बंद करायच्या. इथेच सगळी गोम होती. कढई तापलेली असते, दाणा आतून शिजतच असतो. डोळ्याला झाला असं वाटेपर्यंत थांबलं तर ताटात पडेतो तो करपतो. गॅस बंद केल्यावर त्या नऊ वेळा णमोकार मंत्र म्हणत दाणे हलवत राहायच्या, मग परातीत ओतायच्या. मला णमोकार येत नव्हता म्हणून मी बाराचा पाढा दोनदा म्हणायचे. आक्कांनी एकदा माझे दाणे चाखले आणि म्हणाल्या, "तुमचा पाढा घाईचा हाय. सतराचा म्हना." सतराचा म्हणायला लागल्यापासून माझे दाणे सुधारले. सतराच्या पाढ्याचा आयुष्यात मला झालेला हा एकमेव उपयोग, आणि हे मी वर्गात कधी सांगितलेलं नाही.

काजूचं तंत्र वेगळं. तो आधीच उघडायचा, दोन पाकळ्यांमध्ये जाळी आहे का ते पाहायचं, आणि मगच तुपाच्या थेंबावर परतायचा. त्यामुळे त्यांच्या घरी अख्खा काजू मी कधी पाहिला नाही. खिरीत, भातात, लाडवावर, सगळीकडे अर्धाच. तीळ वेगळे, खोबरं वेगळं. कुणाचं कुणात भाजायचं नाही, कारण "प्रत्येकाचा येळ येगळा, एकाला थांबवून दुसऱ्याला जाळायचं कशाला?" दाण्याचं कूट खलबत्त्यात, आणि तेही मोजकंच. त्यांच्या धर्मात दळलेलं पीठ किती दिवस वापरायचं याची जी मर्यादा, तीच त्या कुटाला लावायच्या. पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, थंडीत सात. चौथ्या दिवशी पावसाळ्यातला डबा धुतलेलाच दिसायचा. उरलंसुरलं कूट तिसऱ्या दिवशी संध्याकाळी माझ्याकडे यायचं. "आमचं झालं. तुमचं चालू ऱ्हाऊ द्या," म्हणून वाटी ठेवायच्या. दहा-अकरा पावसाळे मी ते कूट कोशिंबिरीत घालून खाल्लं आणि मला काही झालं नाही.

भाजल्यावर शेवटचं काम उघडण्याचं. सालं चोळून, पाखडून झाली की आक्का पडवीत उजेडाला बसायच्या आणि एकेक दाणा दाबून त्याच्या दोन पाकळ्या करायच्या. मी एकदा विचारलं, भाजायच्या आधी एवढं निवडता, मग पुन्हा कशाला?

"आधीचं बगनं त्या जिवासाठी. हे आपल्यासाठी."

माझे आबा सैन्यातून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. उंब्रजला शेती करतात. ते एकदा मला भेटायला आले आणि पडवीत आक्कांनी त्यांच्यापुढे दाण्यांची वाटी ठेवली. गप्पांच्या नादात ती निम्मीच उघडून झाली होती, तळाला अख्खे दाणे होते. आबांनी वाटी उलटी केल्यासारखी मूठ भरली आणि तोंडात टाकली. आक्का त्यांच्याकडे अशा बघत राहिल्या की आबांचं चावणं थांबलं.

"सुभेदार, उघडून खावा की."

"आवं आक्का," आबा हसले, "तिकडं डोंगरात बर्फात बसून खाल्ल्यात दाणं. तवा कोन उघडून बगतंय? मिळालं तर लय."

"तिकडं येळ नव्हता. हितं कोन गोळ्या घालतंय?"

 आक्कांनी वाटी स्वतःकडे ओढली आणि उरलेले दाणे उघडायला लागल्या. सात-आठ झाल्यावर एक दाणा त्यांनी न बोलता आबांच्या तळहातावर ठेवला. आत बारीकशी अळी होती, भाजून गेलेली. आबांनी ती बराच वेळ पाहिली. आधीच्या मुठीत काय काय गेलं असेल याचाच ते विचार करत असावेत. निघताना मला म्हणाले, "बाई कडक हाय, पर खरं बोलती." तेव्हापासून आबा हायवेवरच्या चहाच्या टपरीवर बसूनसुद्धा दाणे उघडून खातात. त्यांचे मित्र त्यांना 'तपासणी नाका' म्हणतात.

खरं बोलणं ही आक्कांची खोडच होती. बाहुबलीने एकदा कुठल्याशा मोठ्या दुकानातून भाजलेल्या बदाम-काजूचं चकचकीत पाकीट आणलं. आक्कांनी ते माझ्याकडून वाचून घेतलं. यंत्राने निवडलेले, यंत्राने भाजलेले, हाताचा स्पर्श नाही, असं काही लिहिलं होतं.

"म्हंजे कुनीच बगितलं न्हाई," आक्का म्हणाल्या आणि पाकीट मला देऊन टाकलं. बाहुबली हिरमुसला. बदाम-काजू चांगले होते, मी खाल्ले. उघडूनच.

मग त्यांचे डोळे गेले. एकदम नाही. डोळ्यांच्या पडद्याचा काही आजार होता, ज्यात कडेचं दिसत राहतं आणि मधलं पुसलं जातं. शस्त्रक्रियेने सुधारणारा नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्यांनी आम्हाला कुणाला पत्ता लागू दिला नाही. जिना तसाच चढायच्या, कढई तशीच हलवायच्या, कान शाबूत असल्याने भाजण्यात कधी चूक झाली नाही. उघडणंही चालूच होतं. फक्त आता पाकळ्या अगदी नाकाशी नेऊन, मान वाकडी करून बघायच्या.

त्या हिवाळ्यात त्यांनी माझ्यापुढे ताटली ठेवली, सगळ्या पाकळ्या सुट्या केलेल्या. मी गप्पा मारत खात होते. एक पाकळी उचलली तर तिच्या खोबणीत अळी. मी ती मुठीत दडपली.

"काय झालं?" आक्कांनी विचारलं.

"काही नाही. जरा खवट लागला."

मला वाटलं मी फार शहाणपणा केला. सत्तरी ओलांडलेल्या बाईला कशाला दुखवायचं, एवढाच माझा विचार. पण आक्का बाजारात दहा पोत्यांतले दाणे चावून बघितल्याशिवाय शेर दोन शेर घ्यायच्या नाहीत, हे मला सुचलं नाही. त्यांच्या घरात खवट दाणा येणं शक्यच नव्हतं. त्या बराच वेळ माझ्या दिशेने, म्हणजे माझ्या कानाच्या जरा बाजूला, बघत राहिल्या.

"खवट नव्हता. जीव हुता न्हवं?"

 माझी मूठ अजून बंद होती.

दुसऱ्या दिवशी कढई माळ्यावर गेली, पुराच्या वेळी भांडी ठेवायच्या त्या फळीवर, पालथी. आक्कांनी दाण्यांचा त्याग केला. काजू-बदाम त्यांनी आधीच सोडले होते, ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. खजूर त्याच्याही आधी. डोळ्यांबरोबर एकेक पदार्थ ताटातून निघून गेला होता आणि दाणा तेवढा शेवटपर्यंत धरून ठेवला होता. चार वाजता गूळ आणि मूठभर दाणे, हे त्यांचं लहानपणापासूनचं खाणं. माहेरी शेतातल्या शेंगा भाजायच्या त्या वासाच्या गोष्टी मला पाठ झाल्या होत्या. आता चार वाजता त्या नुसता गूळ खायच्या.

बाहुबलीला फार वाईट वाटलं. त्याने रविवारी दाणे भाजून घेतले आणि "आई, मी बघतो, तू खा," म्हणून बसला. मिनिटाभरात वाटी पुढे केली.

"बगितलं सगळं?"

"बगितलं."

"मला फुटल्याला आवाज आला न्हाई," आक्का म्हणाल्या आणि वाटी परत सरकवली. बिचारा लालबुंद झाला. सुनेने विचारलं, तिला "तुला दुकानाची गडबड, नको," म्हणाल्या. शेवटी मी विचारलं. रोज शाळेतून आल्यावर मी बसून उघडून देईन, एकही दाणा सोडणार नाही, शपथ घेते.

आक्का शांतपणे म्हणाल्या, "तुमी बगाल. नीट बगाल. पन सापडलं तर सांगनार न्हाई. तुमचं मन मऊ हाय बाई."

मला आयुष्यात कुणी इतक्या प्रेमाने नापास केलं नाही. रागही आला. मी काय वाईट केलं होतं? जेवढं चिडायचं तेवढं चिडून झालं आणि मग कळलं, की ज्यांचे डोळे गेले त्यांना समोरच्याचा शब्द हाच डोळा, आणि तो मी एका पाकळीसाठी फोडून ठेवला होता. त्यानंतर दोन वर्षं मी तिथे राहिले. त्या घरातून दाण्यांचा वास पुन्हा आला नाही. मी वर भाजले तर दार लावून भाजायचे.

साताऱ्याला बदली झाल्यावर जाणं कमी झालं. सणाला फोन व्हायचा. गेल्या वर्षीच्या थंडीत आबांनी शेतातल्या नव्या शेंगा फोडून पिशवीभर दाणे दिले. "आक्कांना दे. म्हनावं, मी अजून उघडूनच खातोय." मी त्यांना सांगितलं की आक्का आता खात नाहीत. आबा म्हणाले, "खात न्हाईत त्या तुज्यामुळं. जा."

मी रविवारी गेले. आक्का फार वाळल्या होत्या. पडवीत खुर्चीवर, अंगावर शाल. माझ्या आवाजावरून ओळखलं आणि हात चाचपून हातात घेतला. मी बाहुबलीला सांगून माळ्यावरची कढई उतरवली, गच्चीत दाण्यांना ऊन दिलं आणि खाली येऊन गॅस पेटवला. त्यांनी नको म्हटलं नाही. पडवीतूनच ऐकत होत्या. तडतड सुरू झाली. मी अजून हलवते आहे तोच आवाज आला, "आता बंद करा." मी बंद केला आणि सतराचा पाढा म्हटला.

चोळून, पाखडून मी ताट घेऊन त्यांच्या शेजारी बसले तेव्हा उन्हं कलली होती. दिवस मावळल्यावर त्या काही खायच्या नाहीत. समोरच्या घराच्या गच्चीवर सूर्य हातभर राहिला असेल.

"तुमी खावा," आक्का म्हणाल्या. "मला वास आला, झालं."

मी खाल्ला नाही. एक दाणा घेऊन त्यांच्या कानाजवळ दाबला. टक आवाज झाला. बघितलं आणि म्हटलं, "स्वच्छ." दुसरा. "स्वच्छ." असे वीस-पंचवीस झाले. पाकळ्यांचा ढीग वाटीत पडत होता आणि आक्कांचे हात मांडीवर तसेच होते. त्या फक्त ऐकत होत्या.

मग एक दाणा उघडला आणि त्यात होती. टोकाजवळ बारीकशी, वाळलेली. माझा हात आपोआप मिटायला लागला. एवढी मेहनत, एवढ्या लांबून आलेली मी, आणि आता हे सांगितलं तर कढई कायमची माळ्यावर जाणार. वाटीतले पंचवीस दाणे स्वच्छच होते. हा एक टाकून दिला तर कुणाचं काय बिघडणार होतं?

"आक्का," मी म्हटलं, "यात आहे."

आक्कांनी मान माझ्याकडे वळवली. मग हळूच विचारलं, "केवडी?"

"तांदळाच्या कणीएवढी."

"ऊन किती दिलं हुतं?"

"तासभर."

"दोन तास सांगितल्यालं."

"मला परतीची बस होती, आक्का. घाई केली."

"तिला कुठली बस धरायची हुती?"

मी मान खाली घातली. त्यांनी हात जोडले, ओठ हलले, पुरा एक णमोकार झाला. मला वाटलं आता ताट उचलायला सांगतील. माझे डोळे भरून आले होते आणि ते त्यांना दिसणार नव्हते, एवढंच बरं होतं.

"बाजूला ठेवलं?"

"ठेवलं."

"मग फुडचा उघडा."

मी उघडला. पाकळ्या उजेडाकडे धरल्या, दोन्ही बाजूंनी पाहिल्या. "स्वच्छ."

आक्कांनी शालीतून हात काढला आणि तळवा माझ्यापुढे केला.

"द्या."

त्यांनी तो दाढेखाली धरून सावकाश चावला. मग दुसरा, मग गुळाचा खडा मागितला. चावता चावता त्या माहेरच्या शेताबद्दल बोलायला लागल्या, तीच गोष्ट, शेंगा भाजायच्या वासाची. मी उघडत होते, बघत होते, सांगत होते. सूर्य गच्चीमागे गेला तेव्हा त्यांनी चूळ भरली आणि तोंड पुसलं. उरलेल्या पाकळ्या मी डब्यात भरून त्यांच्या हातात दिल्या आणि बसची वेळ झाली म्हणून उठले.

महिन्याभरातच आक्का गेल्या. माझ्या डोळ्यांपुढे त्यांचं शेवटचं दिसणं आहे ते त्याच संध्याकाळचं. फाटकाशी पोचून मी वळून पाहिलं, तर बाहुबली आतून आला होता आणि पडवीत वाकून त्यांच्या हातातला डबा घेत होता. आक्का त्याला बजावत होत्या.

"ह्यो येगळा ठेव. सकाळी खायचं हायत मला. बाईंनी बगितल्यालं हायत."